डक्टवरची खिडकी

मारताय तुम्ही आम्हाला. "खोकल्याची साथ आहे, खिडक्या उघड्या ठेवा," असं पालिकेच्या भोंग्यावरून ओरडताना तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का, आमची खिडकी उघडते कुठं?

डक्टमध्ये उघडते. चार भिंतींमधली अंधारी पोकळी, त्यात सगळ्या मजल्यांचे पाइप आणि सगळ्या मजल्यांचा खोकला. तळमजल्यावरच्या मावशी खोकल्या की तो पिसासारखा तरंगत, एकेका खिडकीशी रेंगाळत वर चढतो. आधी मावशी पडल्या, मग पहिल्या मजल्यावरचा शिंपी, मग वर माझी बायको.

"पाहुणा पोचला हो," म्हणून ती हसली आणि हसतानाच तिचा श्वास अडकला.

मी सुतार. तेव्हा टेकडीवरच्या एका नव्या घराला खिडक्या बसवत होतो. साथ तिथंही होती, पण एका घरात शिरली की तिथंच विरायची; घराघरांच्या मधे केवढाल्या बागा! हिला मी तिथं नेलं, फळ्यांवर चादर अंथरून निजवलं. समोरासमोरच्या रिकाम्या चौकटींतून वारा नदीसारखा वाहत होता. त्यात ही होडीसारखी हलकी झाली.

"अहो, इथं कुणाचाच खोकला ऐकू येत नाही. आपण मेलोबिलो तर नाही ना?"

"मेलो असतो तर रंधा कशाला मारला असता मी?"

"तुमचं काही सांगता येत नाही. तिथंही कुणीतरी कामाला लावेलच!"

आणि ती गाढ झोपली. मी मुद्दाम वेळ काढला, तासलेलंच पुन्हा तासलं. पण शेवटची काच बसली, मालकानं कुलूप घातलं, आणि मी हिला परत आणलं.

घरी येताच डक्टवरच्या खिडकीला फळी ठोकली. खोली पेटीसारखी कोंडली. झोपेतच ही भिंत चाचपडत म्हणाली, "वारा कुठं ठेवलात हो?"

मग तुमचा माणूस आला. "असल्या सवयींमुळंच तुमच्या वस्तीत साथ पसरते," म्हणाला आणि त्यानं मलाच फळी काढायला लावली. खालून खोकला वर आला, तसा नाकाला रुमाल लावून साहेब जिन्यानं पसार!

आता हिचा श्वास शिट्टीसारखा वाजतोय. फळी लावली की गुदमरते, काढली की दुसऱ्यांचा खोकला गिळते. टेकडीवरच्या घरांच्या नकाशावर सही तुमचीच, या इमारतीच्या नकाशावरही तुमचीच. तिथं सुचलेला वारा इथं का सुचला नाही? हिनं श्वास कुठून घ्यायचा? उत्तर द्या. तिला ऐकू येतंय तोवर द्या.