लिफ्ट कॅलेंडरमध्ये बंद आहे

आमच्या इमारतीची लिफ्ट चांगली धडधाकट आहे. दार उघडतं, दिवा लागतो, पंखा फिरतो, बटण दाबलं की मुकाट्यानं वर जाते आणि मुकाट्यानं खाली येते. तरी आम्ही सगळे जिने चढत होतो, कारण कॅलेंडरमध्ये ती बंद होती.

याचं श्रेय आमच्या चेअरमनना. ते वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, आता आम्हाला तपासतात. पाठीमागे लोक त्यांना तंतोतंत म्हणतात, आणि मला वाटतं त्यांना ते आवडतंही. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीनं आपलं कॅलेंडर इंटरनेटवर ठेवलं, तेव्हा चेअरमननी ते इमारतीच्या मेलमध्ये सबस्क्राइब केलं आणि तो मेल प्रत्येकाच्या फोनवर बसवायला लावला. कंपनी तिकडे लिहिणार, ते आपोआप आमच्याकडे दिसणार. कल्पना चांगली होती. मी एका दातांच्या दवाखान्यात बसून दिवसभर अपॉइंटमेंट देते, त्यामुळे चांगल्या कल्पनांचं पुढे काय होतं ते मी रोज बघते.

झालं असं, की लिफ्ट एकदा बिघडली. कंपनीनं कॅलेंडरमध्ये लिहिलं, ‘लिफ्ट बंद, रोज, पुढील सूचनेपर्यंत.’ दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक येऊन दुरुस्ती करून गेला आणि कंपनीनं ती नोंद काढूनही टाकली. पण मधल्या मध्ये त्यांनी कॅलेंडरची लिंक बदलली होती. आमचा मेल जुनी लिंक धरून बसलेला. त्याला नवीन काही मिळेना, म्हणून तो शेवटचं मिळालेलंच दाखवत राहिला. आज बंद, उद्या बंद. मी बोटानं सरकवत पुढच्या वर्षात जाऊन पाहिलं, तिथंही बंद.

“अहो, चालतेय की!” मी चेअरमनना म्हणाले. आम्ही लिफ्टसमोरच उभे होतो आणि ती दार उघडून आमची वाट बघत होती.

“चालत असेल,” ते म्हणाले. “पण बंद आहे.”

“मग ती नोंद पुसा.”

“दुसऱ्याचं कॅलेंडर आपल्याला फक्त वाचता येतं, ताई. खाडाखोड करता येत नाही.”

हे मात्र खरं होतं. पण उपाय अगदी सोपा होता: जुनं कॅलेंडर काढायचं, नव्या लिंकनं पुन्हा जोडायचं. कंपनीला फोन करून मी नवी लिंक माझ्या मेलवर मागवूनही घेतली. चहा उकळायच्या आत होणारं काम. पण इमारतीच्या मेलचा पासवर्ड एकट्या चेअरमनकडे, आणि ते म्हणाले की असला बदल सभेशिवाय होणार नाही. लिफ्टविषयीच्या सभेला कंपनीचा माणूस हजर हवा, असा नियम. त्याला कधी वेळ आहे ते कंपनीच्या कॅलेंडरमध्ये दिसायला हवं. आणि कॅलेंडर तर पुढे सरकत नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. मग कंपनीकडे तक्रार केली. मेकॅनिक आला, लिफ्ट तपासली, उत्तम चालते असं लिहून सही केली. चेअरमननी त्याला फोन दाखवला. त्यानं तो नीट वाचला, हत्यारांची पेटी उचलली आणि सात मजले जिन्यानं उतरून गेला.

मला स्वतःला जिन्याचं काही नव्हतं. धाप लागायची, शिव्या द्यायचे, चढायचे. प्रश्न आत्याचा होता. आत्या माझ्याकडे सातव्या मजल्यावर राहते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना उतरणं तिला शक्यच नव्हतं. आणि तळमजल्यावर तिची मैत्रीण, मास्तरीणबाई. त्यांना दमा, त्यामुळे त्यांना वर येणं शक्य नव्हतं. कित्येक वर्षं रोज दुपारी या दोघी पत्ते खेळत आल्या होत्या. लिफ्ट ‘बंद’ झाल्यावर त्यांनी फोनवरून खेळून पाहिलं, पण दोघीही हातातल्या पानांबद्दल धडधडीत खोटं बोलायच्या आणि फोन आपटायच्या.

त्यात बातमी आली की मास्तरीणबाईंचा मुलगा त्यांना कायमचं आपल्या गावी नेणार. आई एकटी राहते, दम्याचं दुखणं. मुलाचं काही चुकत नव्हतं. येत्या रविवारी गाडी घेऊन यायचा होता.

“मला सामानासारखी उचलून नेतोय गं,” मास्तरीणबाई फोनवर म्हणाल्या. आत्यानं यावेळी फोन आपटला नाही. नुसता मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. मला फार वाईट वाटलं.

मी तिला सरळ हाताला धरून लिफ्टमध्ये घातलं. पण दार मिटायच्या आत शेजारीपाजारी धावत आले. “अहो, बंद आहे ती!” करत चौघांनी आत्याला बाहेर ओढलं, एकीनं पाणी पाजलं. चेअरमन खालून धापा टाकत आले. “बंद लिफ्टमध्ये म्हातारं माणूस सापडलं, तर जबाबदार कोण?”

मग मी चिडून ते कॅलेंडरच उभं-आडवं वाचून काढलं. आणि रविवारवर येऊन थांबले. सकाळी दहा ते अकरा ‘लिफ्ट बंद’ ही नोंद नव्हती. तिथं दुसरीच होती: ‘वजन चाचणी. लिफ्टमध्ये तीनशे किलो वजन ठेवून खाली-वर करणे.’ कंपनीनं ही चाचणी केव्हाच पुढे ढकलली असणार, पण आमच्याकडे ती जशीच्या तशी होती.

मी चेअरमनना ते दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. “कंपनी तर यायची नाही. आता वजन कुठून आणायचं?”

“वजन आहे माझ्याकडे,” मी म्हणाले. “आत्या.”

माणूस हे वजन आहे का, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. शेवटी, प्रमाणित काट्यावर भरलं तर आहे, असा निर्णय दिला. रविवारी सातव्या मजल्यावर लिफ्टच्या दारात त्यांनी घरचा काटा मांडला. आत्या भरली. तिची खुर्ची भरली. मी भरले, आणि माझा आकडा त्यांनी गरजेपेक्षा मोठ्यानं वाचला. झाडांच्या कुंड्या आल्या, शेजाऱ्याचा जुना शब्दकोश आला, आणि कमी पडलं तिथं चेअरमन स्वतः उभे राहिले. काटाही त्यांनी काखेत मारला. त्याचं वजन त्यांना तोंडपाठ होतं. बरोबर तीनशे.

“चाचणी चालू असताना वजनानं बोलू नये,” त्यांनी बजावलं.

“तुम्हीही वजनच आहात,” आत्या म्हणाली. मी तळमजल्याचं बटण दाबलं.

खाली दार उघडलं. मास्तरीणबाई प्रवासाची बॅग घेऊन समोरच उभ्या होत्या. बाहेर मुलगा गाडीत सामान चढवत होता. आत्या उठायला लागली, तर चेअरमन आडवे आले. “वजन उतरवता येणार नाही! खाली-वर करायचं लिहिलंय. उतरवायचं लिहिलेलं नाही.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतक्या दिवसांनी भेट, आणि मध्ये दाराची चौकट. मला चेअरमनचं मुंडकं पिरगाळावंसं वाटलं.

मास्तरीणबाई मात्र शांत होत्या. आयुष्यभर वर्ग सांभाळलेली बाई. “चेअरमन, तुमचं वजन किती?”

“बासष्ट. काट्यासकट सहासष्ट.”

“काटा मांडा.”

त्या भरल्या अठ्ठावन्न. त्यांनी बॅग उचलली. सहासष्ट. तंतोतंत.

चेअरमननी चष्मा पुसून आकडा दोनदा पाहिला. त्यात काही खोट निघेना, म्हणून निमूटपणे बाहेर आले आणि बाई बॅगेसह आत. दार मिटताना ते ओरडले, “मी जिन्यावरून निरीक्षण करतो!”

आणि खरंच केलं. आम्ही खाली-वर करत होतो आणि मधल्या एखाद्या मजल्यावर जाळीतून त्यांचा घामेजलेला चेहरा दिसून जायचा. आत आत्या खुर्चीत, मास्तरीणबाई बॅगेवर, शब्दकोशाचं टेबल, त्यावर पत्ते. दोघी तोंडानं भांडत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. पहिला डाव आत्यानं लबाडी करून जिंकला. मी कुंड्यांमध्ये उभी राहून बटणं दाबत होते.

अकरा वाजत आले तेव्हा आम्ही खाली होतो. दार उघडलं. समोर मुलगा, हातात गाडीची किल्ली. “आई, चल आता, निघू या.”

मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. हात लांब केला आणि स्वतः सातचं बटण दाबलं.

आम्ही वर पोहोचतो न पोहोचतो तोच पाचव्या मजल्यावरून चेअरमनची आरोळी आली, “वेळ संपली! आहे तिथंच उतरा! लिफ्ट बंद आहे!”

मुलगा सात मजले चढून आला. आईला दमा, जिना उतरायचा तर मध्येच काही व्हायचं, हे त्यालाच सगळ्यात जास्त कळत होतं. त्यानं चेअरमनना विनवलं. चेअरमननी त्याला फोन दाखवला. शेवटी तो आईच्या पायाशी बसून राहिला, चहा प्यायला, आणि “लिफ्ट सुरू झाली की कळवा हं, ताई,” असं मला सांगून रिकामी गाडी घेऊन गेला.

बुधवारी चेअरमन माझ्या दारात आले. रविवारच्या निरीक्षणानं त्यांचे दोन्ही गुडघे सुजले होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते माझ्या कानाशी वाकले आणि इमारतीच्या मेलचा पासवर्ड सांगितला. “नवी लिंक टाका. गुपचूप. सभेचं मी बघतो.”

“टाकते,” मी म्हणाले.

दार लावलं. आतल्या खोलीत मास्तरीणबाई पानं पिसत होत्या आणि आत्या त्यांच्या बोटांवर चोरासारखी नजर ठेवून होती. पलंगाखाली ती बॅग, अर्धी रिकामी केलेली.

माझ्या स्वतःच्या कॅलेंडरवर मात्र माझा हात चालतो. त्यात मी लिहिलं आहे, ‘उद्या लिंक बदलणे.’ रोज संध्याकाळी दवाखान्यातून येते, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, लिफ्ट दार उघडून उभी असते. तिच्यासमोरून मी जिन्याकडे वळते, शिव्या देत सात मजले चढते, आणि घरात शिरल्यावर आधी ती नोंद एक दिवस पुढे ढकलते.