पेट्रोलच्या काट्याचा कौल

पिंपळवंडीत त्या आठवड्यात देवळापेक्षा मोठी रांग लागली ती एका जुन्या मोटारीपुढं. कुणी चपला काढून उभं, कुणी काचेला नाक लावून. आत ड्रायव्हरच्या जागेवर गोरखमहाराज डोळे मिटून बसलेले, शेजारच्या सीटवर नारळांचा ढीग.

"इचारा! बहिरूबाबा काट्यात आल्यात!" महाराज आतून ओरडले.

बहिरू वारून वर्ष झालं होतं. या गाडीतून त्यानं पंचक्रोशीतल्या निम्म्या नवऱ्या सासरी पोचवल्या. वर्षश्राद्धाला मुलगा जालिंदर यानं बापाची आठवण म्हणून गाडी अख्खी रंगवून घेतली. जेवायला आलेले महाराज सहज गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि अर्ध्या तासात त्यांना शोध लागला: डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा बहिरू हलवतो. टाकी अर्धी, काटा मध्यावर. प्रश्न विचारायचा. काटा जागच्या जागी राहिला तर हो, खाली पडला तर नाही.

मी डेअरीवर दुधाचं फॅट लिहितो, त्यामुळं दिसेल ते टिपायची खोड. तीन दिवसांत त्रेचाळीस प्रश्न टिपले. महाराजांचा मुक्काम वाढवायचा का? हो. उद्या गोडाचं करायचं का? हो. दवाखान्यात जाऊ का, हे नऊ जणांनी विचारलं. नऊही वेळा नाही. बहिरू जिवंतपणी साध्या शिंकेला नारायणगावच्या डॉक्टरकडं पळायचा. मेल्यावर माणूस इतका बदलतो, हे मला नवीन होतं.

हसून सोडलं असतं. पण त्या नवांतली शेवटची बहिरूची बायको होती, तुकाबाई. तिच्या छातीत गाठ होती आणि डॉक्टरांनी ऑपरेशनला मंगळवार दिला होता.

"अवो, कापू द्यू का?" तिनं काचेशी तोंड नेऊन विचारलं. नवरा आत बसलाय असंच.

काटा पडला.

"बघ माये," महाराज डोळे न उघडता म्हणाले, "ही पेट्रोलची पट्टी न्हाई, प्राणाची पट्टी हाय. शस्त्र लावू नगा म्हंत्यात. आमचा अंगारा लाव. इस दिसात गाठ लोण्यावानी इरघळंल."

तुकाबाईनं डोळे पुसले. "व्हते तवाबी असंच. न्हाई म्हणलं की न्हाई." आणि ती हसली. वर्षभरात पहिल्यांदाच.

मंगळवार गेला. बुधवारी सून मोहिनी तुळशीदासला घेऊन आली. तुळशीदास बहिरूचा जुना दोस्त, एसटीच्या डेपोत तीस वर्षं वायरिंग करून निवृत्त झालेला. त्याच्या बापानं छप्पन्न सालीच बौद्ध होऊन घरातला देव्हारा उतरवला होता. कौल लावायची सवयच नव्हती.

"पावणं, श्रद्धा नसंल तर काटा कोपतो," महाराज म्हणाले.

"कोपू द्या राव. म्या लई कोपल्यालं काटं बघितल्यात."

सगळे खिडकीशी गर्दी करत होते. तुळशीदास मागं गेला. गाडीच्या मागच्या दिव्यांवर भगवी शाल पसरलेली.

"ही कशापाई?"

"पितरांना मागून हवा सोसत न्हाई!"

तुळशीदासनं शाल उचलून खांद्यावर टाकली आणि मोठ्यानं विचारलं, "बहिरू, तुझी गाडी म्या तपासू का?"

महाराज पेचात पडले. हो म्हणून चालणार नव्हतं. काटा पडला. त्याच क्षणी मागं मोहिनी ओरडली, "लाल दिवं लागलं!" दिवे मिणमिणते, पण लागलेले.

"महाराज, ब्रेकवरचा पाय उचला." दिवे विझले, काटा चढला. "बाबा व्हण्याआधी टेम्पो चालवायचात न्हवं, म्या बघितलंय. ब्रेक कुठं असतो ते तुमाला सांगाय नको."

"पण भाऊ, काटा तर खरंच पडत व्हता!" जालिंदर कळवळून म्हणाला.

"पडत व्हताच. टाकीत पेट्रोल किती हाय ते काट्याला कळवणारी वायर अन् मागच्या दिव्यांची वायर, दोघींची परतीची वाट एकच. हा स्क्रू, गाडीच्या पत्र्याला लावल्याला. रंगाऱ्यानं स्क्रूखालचा पत्राबी रंगवला. रंगातून वीज धड जात न्हाई. दोन वावरांचं पाणी एकाच चरातनं उतरतं अन् चराच्या तोंडाशी गाळ, तसं. ब्रेक दाबला की दिव्यांची वीज तिथं तुंबती, काट्याची वाट आडती, अन् काट्याला वाटतं टाकी रिकामी."

त्यानं स्क्रू काढला, पत्र्यावरचा रंग खरवडला, स्क्रू परत आवळला. मग तुकाबाईला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. महाराज तेवढ्यात रस्त्याला लागले होते. नारळ मात्र राहिले.

"वहिनी, दाबा."

तिनं दाबला. मागं दिवे लखलखले. काटा हलला नाही. पुन्हा दाबला. पाच वेळा दाबला.

"तुळशीभाऊ," ती काट्यावरची नजर न काढता म्हणाली, "त्यो स्क्रू ढिला करा."

"करतो की वहिनी. पण मग तुमीच इचारनार, अन् तुमच्याच पायानं तुमी उत्तर देनार. बहिरू त्यात नसंल."

तिनं पेडलवरचा पाय काढला आणि सुनेला म्हणाली, "तारीख मागून घे."

नवी तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. तोवर गाठ वाढलीय, असं डॉक्टर म्हणाले. पुढं काय होईल ते त्यांनाही आज सांगता येत नाही.

गावाला मूर्ख ठरवायला मी हे लिहीत नाही. बाईला मेलेल्या नवऱ्याचा शब्द हवा होता, त्यात मूर्खपणा कसला? पण त्या ओढीचं पेडल दुसऱ्याच्या पायाखाली गेलं की असं होतं. म्हणून विनंती एवढीच: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक फेरी मागच्या बाजूनं मारा. समजलं नाही तर जाणत्याला बोलवा, आणि दवाखान्याची तारीख चुकवू नका. गाठ कुणाचा होकार घेऊन वाढत नाही.