दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. तुमच्या कंपासपेटीतली नव्हे, आणि जिने पूर्वी मुलांच्या हातावर वळ उठत तीही नव्हे. मी मोटारीच्या इंजिनात राहत असे. हातभर लांब, बोटाहून बारीक, टोकाशी दोन खाचा आणि डोक्यावर पिवळी कडी. कडीत बोट घालून मला ओढायचे, पुसायचे, परत बुडवून पुन्हा ओढायचे, की इंजिनात ऑइल किती आहे ते मी सांगते. वरच्या खाचेपर्यंत ओली दिसले तर पुरेसे, खालच्या खाचेच्याही खाली गेले तर धोका. एवढेच माझे काम. आयुष्यात मी एकदाही खोटे बोललेले नाही. माझ्याकडे पाहून माणसे मात्र स्वतःशी पुष्कळ खोटे बोलली, आणि अशा माणसांबद्दल माझ्या मनात काडीचाही आदर उरलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी पत्र्यातून एका दाबात माझ्यासारख्या शेकडो पट्ट्या कापल्या गेल्या. एका तपासनीस बाईने भिंगातून माझ्या खाचा पाहिल्या आणि "चालेल" म्हणून मला टोपलीत टाकले. पुढे ज्यांच्या पदरी मी पडले त्यांचे डोळे पाहता ते भिंग मी बरोबरच मागून घ्यायला हवे होते.

गाडीचे पहिले मालक जनावरांचे डॉक्टर होते. गावोगाव फिरायचे, गाडी कधी धुवायचे नाहीत, मागच्या सीटवर कायम गवताच्या काड्या. पण दर सोमवारी सकाळी ते मला ओढत, स्वच्छ फडक्याने पुसत आणि माझ्या टोकावरचा थेंब दोन बोटांत चोळून त्याचा वास घेत. "शहाणी आहेस," असे ते मला म्हणत. बहुधा गाईंनाही तसेच म्हणत असावेत, पण मला राग नव्हता. सत्तर हजार किलोमीटर आम्ही सुखाने तोडले. मग डॉक्टरांची दूर बदली झाली आणि गाडी सरांकडे आली.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले व्याकरणाचे शिक्षक. त्यांच्या खिशाला कायम लाल पेन असे. दुकानाची पाटी, औषधाची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, काहीही हाती आले की सर आधी ते तपासत आणि जमल्यास मग वाचत. दुसऱ्याच्या डोळ्यांतले कुसळ शोधण्यात त्यांची हयात गेली होती.

गाडी ताब्यात देताना मिस्त्रीने ऑइल बदलले आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला, अगदी माझ्या डोक्यावर, एक कागद चिकटवला. त्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: "पुढिल ऑइल बदली. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. जे आधी होइल ते."

सरांनी चष्मा सावरला. लाल पेन निघाले. 'पुढिल'मधला 'ढि' त्यांनी दीर्घ केला. शेवटच्या चार शब्दांपाशी ते थांबले.

"जे आधी होईल ते. ते काय? ते बघावं? ते धरावं? क्रियापद कुठे आहे?" असे म्हणून त्यांनी ते चारही शब्द खोडले आणि बाजूला लिहिले, 'वाक्य अपूर्ण'.

मिस्त्री हसला. "सर, अक्षर तुम्ही सुधारा, ऑइल मी बदलतो. वर्षभराने गाडी घेऊन या म्हणजे झालं."

सर गेले नाहीत. गाडी त्यांनी फिरण्यासाठी घेतलीच नव्हती. ती होती अडीअडचणीसाठी. एखादे लग्नकार्य सोडले, तर अडचण येईपर्यंत तिने दाराशी कापडी झूल पांघरून उभे राहायचे. दर रविवारी सर झूल काढत, काचा पुसत, इंजिन सुरू करत आणि पाच मिनिटे पेपर वाचत बसत. गल्लीत धूर होई. गाडी तसूभरही हलत नसे. मग इंजिन बंद करून ते मला ओढत, रुमालाच्या कोपऱ्याला पुसत, पुन्हा बुडवून काढत आणि डोळ्यांसमोर धरत.

"काठोकाठ," असे ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. शेजारी मान डोलावत. तेही त्याच यत्तेतले.

वर्ष झाले तेव्हा त्यांच्या बायकोने विषय काढला. तिला मी बाई म्हणते, कारण त्या घरात आदराने हाक मारावी अशी ती एकच व्यक्ती होती.

"अहो, वर्ष होऊन गेलं. मिस्त्रीकडे गाडी न्यायची ना?"

"गाडी चालली किती? एकशे ऐंशी किलोमीटर. दहा हजारांना अजून अवकाश आहे."

"पण कागदावर वर्षाचंही लिहिलंय."

"किंवा लिहिलंय," सर म्हणाले आणि फळ्यासमोर उभे राहावे तसे ताठ उभे राहिले. "किंवा हे विकल्पबोधक अव्यय. विकल्प म्हणजे निवड. दोहोंपैकी एक घ्यायचं. मी किलोमीटर घेतले."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि वाळत घातलेले कपडे काढायला त्या निघून गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस वाद कुठे सोडायचा ते शिकतो. मला तेव्हा वाटले, हा वाद सोडू नये. पण मला विचारतो कोण?

आता यात काय चूक होती ते नीट ऐका. ऑइल फक्त धावून खराब होत नाही, नुसते पडूनही होते. त्यात इंजिन पाचच मिनिटे चालवले की ते धड तापत नाही. आत घाम धरतो आणि ते पाणी ऑइलात उतरते. थोडे पेट्रोलही त्यात झिरपते. अर्धा तास रस्त्यावर गाडी पळवली तर बरेचसे उडून जाते. पाच मिनिटांत बंद केली तर आतच मुरते. म्हणजे सर दर रविवारी प्रेमाने इंजिनाला थोडे थोडे पाणी पाजत होते. आयुष्यभर त्यांनी पोरांना विचारले होते, घोडा का अडला, पान का सडले, आणि उत्तर घोकून घेतले होते, न फिरवल्याने. शिकवायचे ते दुसऱ्याला.

चौथ्या वर्षी तर कमाल झाली. पाणी आणि पेट्रोल मिसळून ऑइल माझ्या वरच्या खाचेच्याही वर चढले. सर हरखले. "बघ, चार वर्षांत थेंब कमी नाही. उलट वाढलंय," ते बाईंना म्हणाले. बंद भांड्यात ऑइल आपोआप वाढते असे मानणारा विद्वान मी प्रथमच पाहत होते. माझ्या अंगावर कॉफीच्या रंगाची साय धरली होती, पेट्रोलचा वास येत होता. सरांनी माझी फक्त उंची मोजली. मी आणखी काय करायला हवे होते?

पाचव्या वर्षी अडचण आली.

बाईंना एक धाकटी बहीण होती. लहानपणापासून अखंड बोलायची, म्हणून माहेरी तिला रेडिओ म्हणत. फोनवरही ती इतक्या मोठ्याने बोले, की बाई दारात उभ्या असल्या तर मला झुलीखाली ऐकू येई. तिच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावे लागणार होते, आणि त्यानंतर तिला बोलता येणार नव्हते. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरले होते, पण एका सकाळी भाच्याचा फोन आला. डॉक्टर थांबायला तयार नाहीत, आजच चार वाजता आत नेणार आहेत, आणि आई सारखी म्हणते आहे, अक्काशी बोलायचंय, समोरासमोर.

गाव गाडीने चार तासांवर. बाईंनी पिशवी भरली.

"नऊची बस मिळेल. मी निघते."

"दाराशी गाडी असताना बस?" सर म्हणाले. "अडीअडचणीसाठीच ठेवली आहे ना ती?"

नऊची बस गेली. साडेनऊला आम्ही निघालो. पहिले अडीच तास बरे गेले. मग सरांच्या पुढ्यात ऑइलचा लाल दिवा लागला. सरांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले, मला ओढले, पुसले, बुडवले, पाहिले. वरच्या खाचेच्या बोटभर वर.

"ऑइल भरपूर आहे. दिवाच बिघडला असेल."

"अहो, दिवा उगाच कशाला लागेल? कुणाला तरी विचारू."

"पट्टी डोळ्यांनी दिसते आहे, मग कुणाला काय विचारायचं?"

मित्रांनो, माझा सगळा तिरस्कार त्या क्षणाचा आहे. खरे सांगणारा दिवा त्यांनी माझी साक्ष काढून खोटा ठरवला. माझ्या अंगावरून ओघळणारा तो चिखल त्यांनी रुमालाला पुसला, आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवला, लाल पेनाशेजारी.

सहा-सात किलोमीटर पुढे इंजिनाने एक कर्कश आवाज केला आणि ते जागच्या जागी आवळून बसले. आजूबाजूला माळ, झाड नाही, दुकान नाही. एक बस न थांबताच गेली. दुसरी आलीच नाही. सर फोनवर गाडी ओढणाऱ्यांना पत्ता सांगत होते आणि समोरचा चुकीचा शब्द वापरतो म्हणून मध्येच त्याला सुधारत होते. बाई रस्त्याच्या कडेला पिशवीवर बसून होत्या.

चारला वीस कमी असताना बाईंचा फोन वाजला. बहीणच होती. बाईंनी एक कान हाताने झाकला. शेजारून ट्रकमागून ट्रक जात होते.

"अक्का, कुठवर आलीस? बरं, ऐक, तुला एक..."

पुढचे सगळे हॉर्नमध्ये गेले. "पुन्हा सांग, पुन्हा सांग गं," बाई म्हणत राहिल्या. मग फोनवर एका नर्सचा आवाज आला, आता ठेवा. शेवटी एका भाजीच्या टेम्पोत बसून बाई पावणेसहाला पोचल्या.

आठवड्याने सर आणि बाई गॅरेजमध्ये आले. मिस्त्रीने इंजिनाचे खालचे भांडे उघडून ठेवले होते. त्यात ऑइल नव्हते, डांबर होते. ऑइल वर खेचणारी जाळी त्याने पार बुजली होती.

"भांडं भरलेलं, पण वर चढायलाच वाट नाही," मिस्त्री म्हणाला. "इंजिन कोरडं फिरलं, सर."

"अरे, पण गाडी चालली केवढी? पाच वर्षांत नऊशे किलोमीटर."

"म्हणून तर वर्ष लिहिलं होतं."

सर तोंड उघडणार, तेवढ्यात बाई बॉनेटपाशी गेल्या. कागद अजून चिकटलेला होता. लाल रेघ फिकट झाली होती, खालची अक्षरे तशीच होती.

"जे आधी होईल ते," बाईंनी वाचले. "बघा, रेघ मारली तरी वाचता येतंय."



"मी तिला विचारलं," बाई म्हणाल्या, "फोनवर काय सांगत होतीस? वही दिली हातात. म्हटलं, लिही. तिने लिहिलं, लिहिण्यासारखं नव्हतं अक्का, बोलण्यासारखं होतं." मग त्या सरांकडे वळल्या. "तुम्हाला वाक्य अपूर्ण वाटलं होतं ना? करा आता पुरं."

 

गाडीत आता दुसरे इंजिन आहे आणि त्याची पट्टी वेगळी आहे. मी गॅरेजच्या दाराजवळ खिळ्याला लटकते. दरवर्षी त्याच तारखेला बाई ऑइल बदलायला येतात, गाडी पाचशे किलोमीटर चाललेली असो की पन्नास. गेल्या वर्षी बहीणही बरोबर आली होती, गळ्याला रुमाल बांधून. तिने मला खिळ्यावरून काढले, उलटसुलट पाहिले, आणि वहीत लिहून मिस्त्रीला दाखवले: "हिच का ति पट्टि?" 'का' सोडला तर तीनही शब्द चुकीचे ऱ्हस्व. सर शेजारीच उभे होते. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी काही सुधारले नाही. एवढा एकच धडा ते शिकले, आणि त्यासाठी मी त्यांना शाबासकी देणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही दाराशी झूल पांघरलेली गाडी असेल. वर्षातून एकदा तिचे ऑइल बदलायला सांगा, ती चालो वा न चालो. सुरू केली तर चांगली अर्धा तास फिरवून आणायला सांगा. आणि माझ्यासारखी पट्टी हातात आली तर ओल कुठवर आली एवढेच पाहू नका, रंग पाहा, वास घ्या. मोठी माणसे तुम्हाला हसतील. हसू द्या, त्यांच्यापैकी बहुतेकांना पट्टी वाचता येत नाही. बहीण त्या दिवशी काय सांगणार होती, ते बाईंना अजून कळलेले नाही.