कावेरीचं सांगणं

पाहुणा बैठकीत टेकला, पाण्याचा तांब्या पुढे आला, की आजी आतल्या दाराकडे बघून हाक मारायची आणि कावेरी यायची. सहा वर्षांची पोर. सतरंजीच्या कडेला उभी राहायची, हात मागे बांधायची आणि एका सुरात सुरू व्हायची. आम्ही अ‍ॅटोत होतो. मी आणि ज्ञानेश्वरी मागं बसलो होतो. कालव्याच्या पुलावर अ‍ॅटोचं चाक खाली गेलं. पाणी थंड होतं. ज्ञानेश्वरीचा हात माझ्या हातात होता. मग सुटला. मग एका काकांनी केस धरून मला वर काढलं.

दर वेळी एवढंच, त्याच क्रमानं. श्वास कुठं घ्यायचा तेसुद्धा ठरून गेलं होतं. ऐकणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावायच्या, कुणी तिला पोटाशी ओढायचं, कुणी बिस्किटाचा पुडा हातात ठेवायचं. पोर तो पुडा न फोडता फ्रीजवर नेऊन ठेवायची. फ्रीजवर आता पुड्यांची उतरंड झाली होती.

या गोष्टीला महिना होत आला होता. रब्बीचं पाणी सुटलेल्या कालव्यात शाळेचा अ‍ॅटो कलंडला, सहा लेकरांतली पाच जिवंत निघाली. ज्ञानेश्वरी निघाली नाही. सेलू गावभर ती बातमी झाली, आणि जी लेकरं वाचली त्यांच्या घरी माणसं भेटायला येऊ लागली. भेटायला येणं तर रीतच. न आलेलं माणूस लक्षात राहतं.

प्राचीला, कावेरीच्या आईला, धास्ती होती ती वेगळीच. या सात वाक्यांखेरीज पोर तोंडातून शब्द काढत नव्हती. भूक लागली का विचारलं तर मान हलवायची. फ्रॉक कुठला घालू विचारलं तर बोट दाखवायची. महिन्यापूर्वी हीच पोर ताटातली भेंडी निवडताना, ही शाळेत गेली नाही, ही नापास झाली, असं म्हणत एकेक बाजूला काढायची आणि तिची टकळी बंद व्हावी म्हणून प्राची देवाला हात जोडायची. आता प्राचीनं एक वही केली होती. किती वाजता झोपली, कितीदा दचकली, अंथरूण ओलं झालं का, किती घास खाल्ले. वहीच्या शेवटच्या रकान्याचं नाव होतं ‘नवीन शब्द’. तो रकाना कोरा होता.

वाईट हे, की यात प्राचीचा स्वतःचा हात होता. पहिल्या आठवड्यात तिनं मोबाइलवर वाचलं होतं, की भीतीची गोष्ट सुरक्षित जागी पुन्हा पुन्हा सांगितली की तिचा जोर ओसरतो. ती बीएस्सी झालेली, वाचल्याशिवाय तिचं पाऊल पडत नसे. इकडे सासूबाईंचं, कोकिळाबाईंचं, म्हणणं तेच. पोटात ऱ्हायलं की सडतं, बोलू द्या तिला. लग्नाला आठ वर्षं झाली, पण सासूबाई आणि मोबाइल एकाच बाजूनं बोलायची ही पहिलीच वेळ. प्राचीला केवढा धीर आला होता. मग ती स्वतः पोरीच्या मागे बसू लागली. कावेरी अडखळली की हळूच कानाशी पुढचं वाक्य सांगायची. पाणी थंड होतं, बाळा. हां, मग?

सांगता सांगता भीती उतरली नाही. बाकीचं बोलणंच उतरलं.

नवरा शिवप्रसाद झेडपीच्या शाळेवर मास्तर. त्यानंच कुणाकडून तरी एका समुपदेशक बाईंचं नाव काढलं आणि मंगळवारी सकाळच्या गाडीनं प्राची पोरीला घेऊन परभणीला गेली. एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला समुपदेशनाची खोली होती. तिथं राजेश्री मॅडम नावाच्या बाई बसायच्या, पन्नाशीच्या, आवाज जात्यासारखा संथ. त्यांनी कावेरीला काहीच विचारलं नाही. जमिनीवर वाळूची एक परात, एक निळं फडकं, खेळण्यातल्या गाड्या आणि कापडी बाहुल्या ठेवल्या आणि तुला वाटेल ते कर म्हणाल्या.

प्राची खुर्चीच्या कडेवर बसून बघत राहिली. आता ती अ‍ॅटो घेईल, आता निळं फडकं पसरेल. कावेरीनं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं चार बाहुल्या ओळीनं बसवल्या. त्यांच्यासमोर एक लहानगी उभी केली. बराच वेळ ती उभीच ठेवली. मग साडीतली एक बाहुली उचलून लहानगीच्या मागे टेकवली आणि तिचं तोंड वाकवून लहानगीच्या कानाला लावलं.

“ही कोण गं?” मॅडमनी विचारलं.

कावेरीनं बाहुली तशीच धरून ठेवली. ती कोण, हे प्राचीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं पर्स उघडली, त्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि पर्स बंद केली.

नंतर पोर वाळूत बोटं फिरवत बसली, तेव्हा मॅडम प्राचीजवळ खुर्ची ओढून बसल्या. तुम्ही वाचलं ते खोटं नाही, म्हणाल्या, पण ते शेवटचं काम आहे आणि तुम्ही पहिलं केलं. आधी लेकराची झोप सावरायची. जेवायची वेळ, खेळायची वेळ रोज तीच ठेवायची. दचकली तर पाय जमिनीला टेकवायला सांगायचे, गरम दुधावर फुंकर मारतो तशी लांब फुंकर मारायला लावायची. अंगाला आपण घरी आहोत हे कळलं की मग खेळ, मग चित्रं. गोष्ट सगळ्यात शेवटी, आणि तीही तिच्या मनानं, तिला पाहिजे तिथं थांबून.

“आत्ता ती सांगतेय ते तिचं नाही राहिलं,” मॅडम म्हणाल्या. “ते बैठकीचं झालंय.”

किती दिवस लागतील, हा प्रश्न प्राचीनं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला. मॅडमनी तीनदा तेच सांगितलं, माहीत नाही. एवढं मात्र बजावलं की घरात कुणी विचारायचं नाही. स्वतःहून बोलली तर तोंडही दाबायचं नाही. रडारड करायची नाही. आणि तिनं काही विचारलं तर खोटं सांगायचं नाही.

घरी येऊन प्राचीनं हे सासूबाईंना सांगितलं. शिवप्रसाद मी बोलतो म्हणाला होता, पण ऐन वेळी त्याला वह्या तपासायच्या आठवल्या. कोकिळाबाई आधी फणकारल्या. माणसं एस्ट्या बदलून यायलीत, त्यांना काय दारातूनच वाटं लावू म्हणता? मग प्राचीनं बाहुल्यांचं सांगितलं. कोकिळाबाई निवडत होत्या ते तांदळाचं सूप त्यांनी खाली ठेवलं. म्हणाल्या, “मला कोण सांगितलं असतं तर मी कशाला बोलावलं असतं गं पोरीला. मला वाटायलं, मोकळी व्हायली.”

मलाही तसंच वाटलं होतं, असं प्राची म्हणाली. त्या दिवशी दोघी मिळून पहिल्यांदा एका ताटात जेवल्या.

शुक्रवारी दुपारी पेडगावहून बायनाबाई आल्या, कोकिळाबाईंची थोरली बहीण. कोकिळाबाईंनी त्यांना चपला काढतानाच दम दिला, पोरीला काय बी विचारायचं न्हाई, आन् रडायचं तर बिलकूल न्हाई. बायनाबाईंना ते चमत्कारिक वाटलं, पण धाकटीपुढं त्यांचं कधीच चालत नसे. बैठकीत मग कापसाच्या वेचणीच्या गोष्टी निघाल्या. गुडघे निघाले. पेडगावात कुणाची सून गॅसवर दूध ठेवून दोन तास फोनवर बोलली, तेही निघालं. दोघी म्हाताऱ्या इतक्या नेटानं भलतंच बोलत होत्या, की प्राचीला चहा गाळताना हसू आलं. महिन्यात पहिल्यांदा.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तर कावेरी सतरंजीच्या कडेला उभी होती.

कुणी हाक मारली नव्हती. पाहुणा दिसला, तांब्या दिसला, पोर आपली येऊन उभी राहिली. आम्ही अ‍ॅटोत होतो, तिनं सुरुवात केली. प्राचीच्या हातात ट्रे तसाच राहिला. हे स्वतःहून बोलणं आहे का? थांबवायचं की नाही? विचारायचं नाही आणि तोंडही दाबायचं नाही, मॅडमनी दोन्ही सांगितलं होतं आणि त्या दोन्हींच्या मधलं हे काय, ते सांगितलं नव्हतं.

कावेरी शेवटापर्यंत गेली. केस धरून मला वर काढलं. बायनाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि गुडघ्याकडे बघत राहिल्या. कोकिळाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. कुणी रडलं नाही, कुणी जवळ ओढलं नाही. तिघी बाया सांगितलं होतं तसं तंतोतंत वागल्या.

कावेरी थांबून राहिली. या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघितलं. नेहमी होतं त्यातलं काहीच झालं नाही, याचा अर्थ तिला लागेना. प्राचीनं ट्रे खाली ठेवला, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि मऊ आवाजात म्हणाली, “बाळा, पाय टेकव बरं जमिनीला. आपण घरी आहोत ना.”

पाय टेकलेलेच होते. कावेरीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आईच्या तोंडाकडे.

“ज्ञानूची आई कवा येणार?”

महिनाभर ज्याची वाट पाहिली तो आवाज, जरासा घोगरा झालेला. प्राचीला काही क्षण शब्दच लागले नाहीत, नुसता आवाज लागला. मग शब्द लागले.

“सगळे आले,” कावेरी म्हणाली. “मानवतचे पाहुणे पण आले. तिची आईच येईना. तिला सांगायचं राह्यलं.”

ज्ञानेश्वरीचं घर तीन गल्ल्या सोडून. दहाव्याला प्राची जाऊन आली होती. ती माउली भिंतीला टेकून बसलेली, तिनं प्राचीकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. त्यानंतर त्या गल्लीतून जायला लागू नये म्हणून प्राची भाजीला लांबच्या रस्त्यानं जायची. वहीत इतकं टिपलं, पण दार वाजलं की पोर कुणाला शोधत बाहेर येते, ते टिपायचं राहून गेलं होतं.

येतील गं, असं बायनाबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मॅडमकडे जायचा मंगळवार अजून चार दिवसांवर होता. खोटं सांगायचं नाही, आणि खरं प्राचीला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्या बाईला इथं बोलवायचं कुठल्या तोंडानं, आणि ती आलीच तर पोरीनं तिच्यासमोर उभं राहून काय सांगायचं?

“माहीत नाही, बाळा,” ती म्हणाली.

कावेरीनं मान हलवली. मग ती सतरंजीवर बसली, दाराकडे तोंड करून.