शिवकन्या नावाचं प्रोफाइल

"ही कोन हाय?" सोमनाथने मोबाइल बायकोच्या डोळ्यांपुढे धरला.

विजयमाला गोठा झाडून नुकतीच उभी राहिली होती, हात शेणाने भरलेले. फोटोत हाफ पॅन्ट घातलेली एक काटकुळी मुलगी पळत होती. छातीवर नंबर, वेणी हवेत, तोंड उघडं. विजयमालाला आधी हसूच आलं. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि ते तिथेच विरलं.

"मीच की," ती म्हणाली. "कुठं घावलं तुमाला?"

घावलं होतं ते विरोधी पॅनलच्या तानाजीला. त्याने सकाळी सकाळी ते गावाच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'सुंदररावांची संस्कारी सून बघा', आणि गावाला दिवसभराचं काम लागलं. दिंद्रुडजवळच्या या गावात यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव झालं होतं. सुंदरराव इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसलेले, ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही म्हणून त्यांनी सुनेला उभं केलं. बॅनरवर डोक्यावर पदर घेतलेल्या सुनेचा फोटो कोपऱ्यात, सासऱ्याचा आणि नवऱ्याचा मधोमध. उमेदवार नेमका कोण, हे नवख्या माणसाला विचारावंच लागलं असतं.

तिने हात धुतले आणि मोबाइल मागून घेतला. प्रोफाइलवर नाव होतं शिवकन्या. लग्नाआधी तेच तिचं नाव होतं. सोमनाथच्या राशीला 'व' जुळतो असं भटजींनी सांगितलं आणि ताटातल्या तांदळात अंगठीने विजयमाला लिहून घेतलं. पुढे आधार, मतदार यादी, बँक, सगळीकडे तेच झालं. जुना मोबाइल माहेरी लिंबागणेशला राहिला, रिचार्जवाचून नंबर बंद पडला. हे पान मागे उरलंय याची तिला याद नव्हती.

ती अंगठ्याने खाली खाली जात राहिली. कपिलधारच्या धबधब्याखाली ओल्याचिंब मैत्रिणी. कॉलेजच्या गॅदरिंगचा फेटा. आणि त्या पळण्याच्या फोटोवर तिने स्वतः लिहिलेलं: 'बीडच्या मैदानावर पहिली आले. आता पोलीस भरती. वर्दी मिळाल्याशिवाय लग्न करणार नाही.' खाली मैत्रीण रोहिणीचं उत्तर, 'पळ शिवे, मागं बघू नको.' लग्नानंतरच्या अकरा वर्षांत विजयमालाला कुणी शिवे म्हटलं नव्हतं. ही पोरगी तिला फार आवडली, आणि तिची फार दयाही आली.

तोवर ओसरीवर बैठक भरली होती. बॅनर छापणारा हरिओम पॅनलची मोबाइलची कामं बघायचा, त्याला बोलावून घेतलं होतं. नंबर बंद, पासवर्ड आठवत नाही, म्हणजे आतून काढता येणार नाही, असं त्याने सांगितलं. मात्र खोटं प्रोफाइल आहे अशी तक्रार सगळ्यांनी केली, आणि पहिली तक्रार खुद्द वहिनींनी केली, तर ते जाईल. सुंदररावांना हे एकदम पटलं. ते आवाज न चढवता बोलायचे, त्यामुळे त्यांच्यापुढे भांडायची सोयच नसायची.

"सूनबाई, कागदावर शिवकन्या कुठंच न्हाई. तुमी विजयमाला. ती पोरगी कुनाची का असंना, आपल्याला काय करायचं हाय तिचं?"

"मामा, पर ते माझंच हाय," ती दाराआडून म्हणाली. "पळालं तर काय वाईट केलं मी?"

सोमनाथ चपलेकडे बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. बापापुढे त्याची जीभ उचलायची नाही, एवढंच.

तिने आत येऊन भावाला फोन लावला. अंगदनेच तेव्हा ते प्रोफाइल उघडून दिलं होतं. तो फोटोही त्याचाच, मैदानाच्या कडेने तिच्याबरोबर पळत पळत काढलेला. हा तरी आपल्या बाजूने बोलेल, सासऱ्याला दोन शब्द सांगेल, असं तिला वाटलं होतं.

"ताई, न्हाई म्हनून टाक आन मोकळी हो," अंगद म्हणाला. "उद्या माझी पोर मोठी झाली की तिला बघायला येत्याल. आमच्या घरात पोरी चड्डीवर पळत्यात, असं नको व्हायला."

तिने फोन ठेवला. आता फोन करावा असं कुणी उरलं नव्हतं. सासू, बायनाबाई, चुलीपुढे तांदूळ निवडत सगळं ऐकत होती.

"कावून जिवाला लावून घेती? नाव बदलल्यानं काय मानूस मरतं का? माझंबी बदललं हुतं की."

"काय हुतं तुमचं, आत्याबाई?"

बायनाबाईने सूप खाली ठेवलं. "थांब, आठवू दे," ती म्हणाली, आणि मग पुन्हा सूप उचललं.

विजयमाला ओसरीवर गेली. हरिओमने मोबाइल उघडून तिच्या हातात दिला आणि कुठे बोट लावायचं ते अदबीने दाखवू लागला. हे प्रोफाइल दुसऱ्याच कुणाचं सोंग घेतंय, असं आधी सांगायचं. मग मोबाइलने विचारलं, कुणाचं? उत्तरं तयारच होती. सगळ्यांत वर होतं, 'मी'.

"त्येच दाबा, वहिनी."

तिने दाबलं. मोबाइलने आभार मानले. सुंदररावांनी चहा टाकायला सांगितला.

त्यानंतर पॅनलच्या पोरांनी, पाहुण्यांनी, भावकीने, सगळ्यांनी तक्रारी केल्या. प्रचाराचा नारळ फुटला त्या संध्याकाळी सोमनाथ ओसरीवर बसून ते प्रोफाइल गेलं का शोधत होता. नीट दिसेना म्हणून तो मोठ्याने नाव घेत अक्षरं टाकत होता.

"शिवकन्या... शिवकन्या..."

"ओ," आतून विजयमाला म्हणाली.

सोमनाथने मान वर केली. "कुनाला गं?"

"कुनाला न्हाई," ती म्हणाली, आणि परातीत आणखी थोडं पीठ घेतलं.