कमी झूमचा कॅमेरा

माझी बायको संगीता श्रावणात गेली. काविळीने. आमच्यात घरातलं माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. आमच्या मुलीचं, बबिताचं, लग्न ठरलेलं होतं. म्हणून वैशाखातली तारीख धरली.

कन्यादानाला जोडपं लागतं. भटजी म्हणाले, बायको नसेल तर कनवटीला सुपारी लावून बाप एकटा बसू शकतो. मी म्हणालो, संगीताच्या जागी मी सुपारी लावणार नाही. एवढं बोलून उठलो. माझ्या पाठीमागे ठरून गेलं की कन्यादान मामा-मामी करतील. मामा म्हणजे मारुती, संगीताचा धाकटा भाऊ. लोणावळ्यात राहतो, रेल्वेत आहे. त्याच्या बायकोने त्याच आठवड्यात पैठणी घेतली.

आणि मी? मी मांडवाच्या दाराशी उभं राहून पाहुण्यांना नमस्कार करायचा. हे मला मारुतीने असं सांगितलं, जसा काही मी त्याच्या दारी आलेला पाहुणा.

मी भाजे गावात शेती करतो आणि वरच्या अंगाला एका बंगल्याची राखण करतो. शनिवार-रविवारी तिथे येणारी माणसं कॅमेरा माझ्या हातात देतात, "दादा, जरा आमचं शूटिंग घ्या ना." त्यामुळे मला तो धरता येतो. लग्नंही पुष्कळ पाहिली आहेत. मांडवात भटजीइतक्याच जवळ आणखी एक माणूस असतो, तो शूटिंगवाला. होमात पाय जाईल इतका तो पुढे घुसतो आणि त्याला कोणी बाजूला हो म्हणत नाही. तेव्हा ठरवलं, कॅमेरा घ्यायचा आणि शूटिंग मीच काढायचं. मुलीचे हात दुसऱ्याच्या हातात जाताना मला तिथे असायचं होतं. दाराशी नाही.

मारुतीला कुणीतरी हे सांगितलं. मी लोणावळ्याच्या दुकानात पोचलो तेव्हा तो आधीच स्टुलावर बसून चहा पीत होता.

"या दाजी. म्हणलं, तुमाला कुणी फसवाय नको."

"फसवायला घरचे हायेत की."

दुकानाचा मालक प्रज्ञेश, तरुण पोरगा. त्याने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक रुपेरी, एक काळा. दोन्ही एका तळव्यात मावणारे, बाजूला पुस्तकासारखी उघडणारी स्क्रीन.

"काका, दोन्ही एचडी. दोन्हींत कार्ड बसतं, कॅसेटची भानगड नाही. फरक झूमचा. काळ्याला दहा पट, रुपेरीला सत्तर."

मारुतीने कप खाली ठेवला. "सत्तर! मग बघायचं काय त्यात? रुपेरी बांधा."

"मला बघू दे."

"तुमी काय बघणार? दहा मोठे का सत्तर, येवढं तर कळतंय ना?"

प्रज्ञेशने रुपेरी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं. "समोर रसवंती दिसते? बटण दाबत जा." मी दाबत गेलो. रस्ता, टेंपो, ऊस, माणूस असं सगळं एकामागून एक पुढे आलं आणि शेवटी रसवाल्याच्या कानातली बाळी स्क्रीनभर झाली. माझा हात हलला तशी बाळी इकडून तिकडे उडू लागली.

"बघा!" मारुती म्हणाला. "दाराशी हुबं ऱ्हावा, तितनं बटण दाबा. पाहुण्यांना रामराम बी घालता यील आन पोरगी बी दिसंल. कुणाला आडचण न्हाई."

मग मला कळलं तो माझ्या आधी येऊन का बसला होता.

मी आत आलो आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभा राहिलो. रुपेरी कॅमेरा त्याच्या तोंडावर धरला. झूम पार मागे घेतला तरी स्क्रीनमध्ये नुसत्या मिश्या आणि नाक.

"ह्ये काय लावलंय?"

"हलू नको." मी काळा उचलला, तिथूनच धरला. त्यात मारुती डोक्यापासून गुडघ्यापर्यंत आला, काचेवरचा कप, स्टूल, मागचं कपाट, कपाटाशी उभा प्रज्ञेशसुद्धा.

"तो वाइड आहे काका," प्रज्ञेश म्हणाला. "जवळून जास्त बसतं त्याच्यात. पण लांबून शूटिंगला तो उपयोगाचा नाही. तुम्हाला पुढे जावं लागेल."

"किती पुढं?"

"अगदी जवळ."

"ह्योच दे."

मारुती उठला. "दाजी, मांडवात भटजी, नवरा-नवरी, आमी दोघं. त्यात तुमी मधी नाचणार? लोक हसत्याल. बाप हाय का बाजेवाला?"

"हसू दे."

"माज्या बायकोला जमायचं न्हाई. धार सोडताना कुणी तोंडावर कॅमेरा धरला तर तिला घाम फुटतो."

"तिचं तोंड कुणाला बघायचंय? मला हात बघायचेत."

"सुपारी लावायला लाज वाटली तवा कुटं गेलतं ह्ये सगळं? माजी भन काय मला प्यारी नव्हती?"

मी काळा कॅमेरा प्रज्ञेशपुढे सरकवला. प्रज्ञेश उगाच खोक्यातली वायर गुंडाळत बसला. मारुती म्हणाला, "मग मी बसत न्हाई कन्यादानाला." मी म्हणालो, "नको बसू." तो पायऱ्या उतरून गेला. चहाचा कप तसाच काचेवर होता.

पण पैठणी आणलेली होती. लग्नाच्या दिवशी दोघे वेळेवर आले आणि पाटावर बसले. माझ्याशी बोलले नाहीत.

दाराशी कोणीच उभं नव्हतं. पाहुणे आपापले आत आले. भटजींनी कन्यादान पुकारलं तसा मी मुंडावळ्यांच्या झिरमिळ्या मोजता येतील इतका पुढे गेलो आणि गुडघ्यावर बसलो. मारुतीच्या ओंजळीवर नवऱ्याचे हात, त्यावर बबिताचे. मेंदी चांगली रंगली होती. नखं तिच्या आईसारखी, रुंद. मामीने तांब्यातून धार सोडली, पाणी माझ्या मांडीवर उडालं.

"मागं सरा," मारुती ओठ न हलवता म्हणाला.

"न्हाई."

"दाजी, मागं सरा म्हन्तो."

"न्हाई."

बबिताने मान वर केली नाही. फक्त तिचा डावा अंगठा थोडा माझ्या बाजूला वळला आणि धार संपेपर्यंत तसाच राहिला.

शूटिंग बघायला सगळे बबिताच्या सासरी जमले तेव्हा आमचं ते बोलणं मंत्रांपेक्षा मोठं ऐकू आलं. पोरं फिदीफिदी हसली. मामी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी मारुती भाज्याला आला. दुकानातल्या भांडणानंतर पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यात उभा होता.

"तेवडा आवाज काडून टाका. लोक नाव ठेवत्यात."

आवाज काढता येतो. प्रज्ञेशने मला दाखवलं होतं.

"निघत न्हाई," मी म्हणालो.