मागच्या बाकाची ओळ

किल्लीवाल्याची जीभ कात्रीसारखी चालते, असं सगळी गल्ली म्हणायची. आणि तोच माणूस गिऱ्हाइकाला कुलूप दाखवता दाखवता वाक्याच्या मधोमध थांबला आणि कोसळला. शुद्धीवर आला, तर तोंडातून शब्द म्हणून फुटेना.

त्याच्या बायकोच्या पायांखालची जमीनच सरकली. शिवणकाम करणारी बाई. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून "जरा गप्प बसाल का" म्हणायची तिला सवय. आता तो गप्प होता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की त्यांना सगळं कळतंय, पण बोलणं परत येईलच असं नाही. तुम्ही बोलत राहा. ती काय बोलणार? घरात ते खातं त्याच्याकडे. शेवटी तिने स्तोत्रांचं पुस्तक आणलं.

त्यांच्या चर्चमध्ये स्तोत्र एकट्याने म्हणायची रीत नव्हती. एक ओळ पुढच्या बाकांची, तिला उत्तर मागच्या बाकांचं. ती पुढे बसायची. तो मागे, डुलक्यांना सोयीचं म्हणून. पण पेंगतानाही त्याची ओळ कधी चुकली नव्हती. दवाखान्यात मात्र दोन्हीकडच्या ओळी तीच म्हणायची, एका दमात. बिचाऱ्याला त्रास नको. तो छताकडे बघत पडलेला असायचा.

त्या दुपारी तिने मेंढपाळाचं गोड स्तोत्र उघडलं आणि तिचं डोकंच फिरलं. कसली हिरवी कुरणं आणि कसलं काय! तिने पानं मागे उलटली आणि देवाला जाब विचारणारं स्तोत्र काढलं, मला कुठवर विसरणार म्हणणारं. कुणीतरी पूर्वी देवाशी असं भांडलं होतं, आणि तरी ते प्रार्थनेतच धरलं गेलं होतं. मग आपणही भांडावं, असं तिला वाटलं. पहिली ओळ तिने जवळजवळ ओरडूनच म्हटली. ओरडून दम लागला, म्हणून पुढच्या ओळीआधी ती थांबली.

तेवढ्यात ती पुढची ओळ कुणीतरी म्हटली. आवाज जड, घोगरा, पण शब्द न् शब्द बरोबर.

आधी तिला शेजारच्या खाटेवरचा माणूस बोलला असं वाटलं. तो तर घोरत होता. तिने वळून पाहिलं, नवऱ्याचे ओठ अजून हलत होते. इतके दिवस नवऱ्याची ओळ तीच गिळत होती, त्याला जागाच दिली नव्हती.

सलाइन बदलणारी नर्स हलक्या आवाजात म्हणाली, "पाठ असलेलं कधीकधी आधी येतं, ताई. स्वतःचं बोलणं वेगळं. लगेच आशा धरू नका."

ती ऐकतच नव्हती. आ वासून नवऱ्याकडे बघत बसली होती. पुढची ओळ तिची होती, आणि उघड्या पुस्तकातही तिला ती सापडेना. त्याच्या कपाळावर आठी चढली, गिऱ्हाइकाने भलतीच किल्ली आणली की चढायची तशी. डाव्या हाताने त्याने खाटेची कड ठोकली.

"तुझी," तो म्हणाला. मग बराच वेळ शोधून, "ओळ."

हे दोन शब्द त्या स्तोत्रात कुठेच नव्हते.